मधुमालतीचा गुंता सोडवताना: छाटणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फाटकावरची कमान असो, सोसायटीचं कुंपण असो की पहिल्या मजल्याची गॅलरी, मधुमालती एकदा रुजली की पाच-सात वर्षांत हाताबाहेर जाते. साताऱ्याच्या आमच्या घराच्या फाटकावर ती ३५ वर्षं आहे, सासूबाईंनी लावलेली. त्यातली पहिली बरीच वर्षं आम्ही ती चुकीच्या वेळी आणि चुकीच्या जागी कापत होतो. आता दर वर्षी थंडी सरायला लागली की ओळखीतले कुणी ना कुणी विचारतातच. तेच प्रश्न आणि माझ्या अनुभवातली उत्तरं इथे मांडते आहे.

वेल इतकी माजली आहे की आतलं काही दिसत नाही. खालपर्यंत कापली तर मरेल का?

जमिनीत लावलेली, चार-पाच वर्षांहून जुनी आणि तब्येतीनं धड असलेली मधुमालती अशी सहजी मरत नाही. दोन-अडीच फुटांवर सगळी कापली तरी जुन्या खोडातून धुमारे फुटतात, मुळांतूनही नवे कोंब वर येतात. भीती बाळगायची ती दोनच ठिकाणी: गेल्या वर्षीच लावलेलं रोप, आणि मुळांशी पाणी साचून आधीच मरगळलेली वेल. या दोन्हींना कात्री लावू नका. पाणी साचतंय ते आधी थांबवा.

बाहेरून हिरवीगार दिसते, पण आत नुसत्या वाळक्या काड्या आहेत. असं का होतं?

कारण आपण ती बाहेरून भादरतो.

मधुमालतीची पानं समोरासमोर, जोडीनं येतात. प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा, म्हणजे नव्या फांदीची कळी, असतो. शेंडा उडवला की खालचे दोन्ही डोळे जागे होतात आणि एका फांदीच्या दोन होतात. पुढच्या वेळी पुन्हा शेंडे उडवले की दोनाच्या चार. म्हणजे कमी करायला म्हणून कात्री चालवतो आणि वरचा पानांचा थर मात्र दर खेपेला दाट होत जातो. त्या दाट थराखाली ऊन पोचत नाही, पानं गळतात, काड्या वाळतात, आणि सगळं वजन वरच्या दोन फुटांत येऊन बसतं. पावसात भिजलं की हेच वजन कमान वाकवतं.

म्हणून माझं सगळं सांगणं एवढंच आहे: वरून भादरू नका, खालून निवडा. शंभर शेंडे उडवण्यापेक्षा बुडाशी चार जाड खोडं कापणं कमी कष्टाचं आहे आणि वेलीलाही ते मानवतं.

छाटणी नेमकी कधी करायची?

मोठी छाटणी थंडी ओसरताना. पुणे, सातारा, नाशिक या पट्ट्यात जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, म्हणजे होळीच्या आत. कारण साधं आहे. मधुमालती नव्या फुटव्याच्या टोकाला फुलते. फेब्रुवारीत कापली की गुढीपाडव्याच्या सुमारास तांबूस कोवळी पानं दिसू लागतात, त्या धुमाऱ्यांना वाढायला दोन-तीन महिने मिळतात आणि वळवाच्या पावसापर्यंत घोस लटकायला लागतात.

आमची चूक इथेच व्हायची. पावसाळ्याआधी आवरून घ्यावं म्हणून दर जूनच्या पहिल्या आठवड्यात माळीकाकांना बोलवायचो. ते बिचारे सांगितलेलं काम चोख करायचे, आणि आम्ही ऐन फुलावर येणारे सगळे शेंडे उकिरड्यावर टाकायचो. मग पावसाळाभर पानंच पानं. सासूबाई म्हणायच्या, वेल रुसली. वेलीचं काही चुकलं नव्हतं.

विदर्भात आणि मराठवाड्यात फेब्रुवारीच्या मध्याच्या पुढे जाऊ नका. वर्षानुवर्षं सावलीत असलेली खोडं एकदम उघडी पडली आणि त्यांच्यावर एप्रिल-मेचं ऊन आलं, तर साल भाजते. उन्हाचा कडाका सुरू होण्याआधी त्यांच्यावर पानांचं छत्र यायला हवं. कोकणात थंडी अशी नसतेच, तिथे जानेवारीतही चालतं. मात्र भर पावसात जाड खोड कुठेच कापू नये. काप सुकत नाही, बुरशी धरते आणि खोड वरून खाली वाळत जातं.

फुलांचा एक बहर संपला की त्या घोसांची टोकं दोन पेरं मागे घेऊन कापणं ही वेगळी, हलकी छाटणी. ती पावसाळ्यातही करा, ऑक्टोबरातही करा. त्यातून पुढचा बहर मिळतो.

कापायला घेतलं, पण कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही.

कात्री बाजूला ठेवा आणि आधी बुडाशी बसा. खरंच बसा, पाट घ्या. खालचा पालापाचोळा काठीनं सारा आणि जमिनीतून किती खोडं वर येतात ते मोजा. जुन्या वेलीला सहा ते पंधरा सापडतात. काही मनगटाएवढी, सालपटं निघणारी, काही अंगठ्याएवढी, काही गेल्या पावसातली हिरवट, काठीसारखी सरळ. हिरवट आणि अंगठ्याएवढी आहेत ती पुढच्या काही वर्षांची वेल. जाड, गाठाळ, वर कुठेतरी हरवलेली आहेत त्यांतून काढायची ठरवायची.

निवडलेल्या प्रत्येक खोडाला जुन्या साडीची चिंधी बांधा. एक खोड हातानं हलवा आणि दुसऱ्या माणसाला वर काय हलतंय ते बघायला सांगा. कधी कधी एकाच खोडावर वरचा अर्धा पसारा उभा असतो. ते कापायचं की नाही, याचा निर्णय मग डोळे उघडे ठेवून होतो.

आता करवतीनं ती खोडं जमिनीपासून अर्ध्या-एक फुटावर कापा. आणि थांबा. वर चढू नका, काही ओढू नका. तीन-चार दिवसांत कापलेल्या खोडाची पानं वर जिथे जिथे असतील तिथे कोमेजतात, आणि हिरव्या गुंत्यात वाळलेला भाग आपोआप वेगळा दिसतो. मग तेवढाच काढायचा, हातभर लांबीचे तुकडे करत.

तुकडे करण्यावर माझा भर आहे त्याला कारण आहे. एका वर्षी घाईत आम्ही दोघांनी मिळून एक लांबच लांब फांदी खाली खेचली. ती पन्हळीच्या पाइपाला अडकली होती. पाइप क्लॅम्पसकट भिंतीतून निघून आला, आणि सोबत चांगल्या, जिवंत फांद्याही सोलवटून आल्या. तेव्हापासून घरात नियम आहे: मधुमालती ओढायची नाही, सोडवायची.

एकाच वर्षी सगळी कापावी की टप्प्यानं?

दोन्ही चालतं. आधार पक्का असेल आणि वेल फाटकाची, कमानीची असेल तर मी तीन वर्षांचा हिशेब सांगेन. दर फेब्रुवारीत सगळ्यात जुन्या खोडांपैकी तिसरा हिस्सा बुडातून काढायचा आणि त्याच वर्षी फुटलेल्या नव्या कोंबांतले दोन-तीन दणकट ठेवून बाकीचे खुडायचे. तीन वर्षांत वेल नवी होते, आणि मधल्या काळात फूल एकही वर्ष चुकत नाही.

कमान गंजली असेल, भिंतीला रंग द्यायचा असेल, मांडव नवा घालायचा असेल तर मात्र एकदाच दोन-अडीच फुटांवर सगळी उतरवा. त्या वर्षी बहर उशिरा आणि बेताचा येईल. जागा उघडीबोडकी दिसेल, येणारे-जाणारे हळहळतील. पावसाळा संपेपर्यंत धीर धरा.

हिला गुलाबासारखे काटे नाहीत, तरी हात ओरबाडतात. कशानं?

पान गळताना त्याच्या देठाचा बुडखा फांदीवरच राहतो. तो पुढे कडक, टोकदार होतो. त्याच आकड्यांच्या आधारानं वेल वर चढते. जुन्या फांद्यांवर ते भरपूर असतात आणि पानांत लपलेले असतात. कापडी हातमोजे पुरत नाहीत, चामड्याचे घ्या. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला आणि वर बघून काम करताना चष्मा लावाच, नंबरचा नसला तरी. हत्यारांत अंगठ्याएवढ्या फांदीपर्यंत सिकेटर (छाटणीची कात्री), त्यापुढे घडीची करवत. कोयत्यानं तोडलं तर खोड चिरतं आणि त्या चिरेत पाणी मुरतं.

आत घरटं सापडलं तर?

काम थांबवा. त्या बाजूचं तरी नक्कीच.

दाट मधुमालती ही बुलबुल, शिंपी, मुनिया यांची आवडती जागा. बुलबुल तर फेब्रुवारीतही घरटं बांधायला घेतो, म्हणून कापण्याआधी दोन दिवस सकाळी दहा मिनिटं लांबून नुसतं बघत बसावं. चोचीत काडी किंवा किडा घेऊन कुणी पुन्हा पुन्हा एकाच जागी शिरत असेल तर समजायचं. बुलबुलाची अंडी घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत साधारण चार आठवडे जातात. तेवढी वाट बघणं काही जड नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार (१९७२) पक्ष्यांची अंडी-घरटी उद्ध्वस्त करणं हा गुन्हाही आहे, पण त्याआधी ती आपल्या दारातली बाळंतीण आहे.

फुलोरी माश्यांचं छोटं, एका पोळ्याचं मोहोळही अनेकदा आतल्या फांदीला असतं. ते हाताच्या पंज्याएवढं असतं आणि पटकन दिसत नाही. गांधीलमाश्यांचं कागदी पोळं असेल तर मात्र स्वतः धाडस करू नका, त्या जोरात डसतात.

मधुमालतीच्या वासानं साप येतात म्हणतात. म्हणून तोडायची का?

वासाला साप येत नाही. साप येतो तो उंदीर, बेडूक, पाली आणि दडायला जागा यांच्यासाठी. आपण वर्षानुवर्षं बुडाशी साचू दिलेला पाचोळा आणि आतला गच्च गुंता हे सगळं त्याला एकाच ठिकाणी पुरवतो. बुडाचे दोन फूट मोकळे ठेवा, जमीन दिसू द्या, उजेड आत जाऊ द्या. पाचोळा सारताना हात घालू नका, काठी वापरा. वेल तोडायची काहीच गरज नाही.

वेल विजेच्या तारेवर किंवा शेजारच्या आंब्यावर गेली आहे.

तारेवरच्या भागाला हात लावायचा नाही. ओली फांदी, लोखंडी शिडी, धातूची कात्री यांतून वीज उतरते. वीज कंपनीला १९१२ या क्रमांकावर कळवा, पुरवठा बंद करून त्यांची माणसं कापतील. तुम्ही बुडाशी ते खोड शोधून कापू शकता, पण तार ते खोड यांच्यातलं काहीही ओढू नका.

आंब्यावर गेली असेल तर आपली वेल खुशाल काढा. झाडाची फांदी कापायची वेळ आली तर शहरात महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. शेजाऱ्यांशी आधी बोलावं हे वेगळं सांगायला नको.

जाड कापांवर काही लावायचं का?

पेन्सिलीएवढ्या कापांना काही नको. अंगठ्याहून जाड कापांना मी बोर्डो पेस्ट लावते, द्राक्षबागायतदार लावतात तीच. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात वेगवेगळा विरघळवायचा, मग दोन्ही एकत्र ओतून ढवळायचं. भांडं प्लॅस्टिकचं किंवा मातीचं. लोखंडी सुरीचं स्वच्छ पातं त्यात बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना आणखी हवा. हे मिश्रण त्याच दिवशी वापरायचं. शेण-माती लिंपण्याची पद्धत माझ्या माहेरीही होती, पण ओलसर हवेत त्याखाली काप कुजलेला मी पाहिला आहे, म्हणून सोडून दिली.

छाटल्यावर खत-पाणी किती?

बुडापासून हातभर अंतरावर गोल आळं करून आठ-दहा किलो मुरलेलं शेणखत किंवा त्याच्या निम्मं गांडूळखत मातीत मिसळा. वर पाचोळ्याचं पातळ आच्छादन, खोडाला न टेकणारं. पानंच उरली नसल्यामुळे वेलीला सुरुवातीला पाणी फार कमी लागतं. आठवड्यातून एकदा भरपूर पुरतं, धुमारे हातभर झाले की दोनदा. रोज थोडं थोडं शिंपडून मुळं वरच राहतात.

सगळं केलं, पानं खूप आली, पण फुलंच नाहीत.

पहिली शंका युरियाची. लॉनला टाकलेला युरिया शेजारच्या वेलीलाही मिळतो आणि मग ती नुसती पसरते. दुसरी शंका सावलीची: रोज पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर घोस मोजकेच येतात. पाच वर्षांपूर्वी ऊन होतं, पण आता समोर इमारत उभी राहिली, हेही बऱ्याच शहरी घरांत घडलेलं असतं. आणि तिसरं, दर महिन्याला येऊन शेंडे सारखे करून जाणारा माळी. त्याला प्रेमानं सांगा की मार्चपासून पहिला बहर संपेपर्यंत या वेलीला कात्री नाही.

गॅलरीत कुंडीत आहे. तिचं काय करायचं?

अठरा इंची कुंडीतली वेल दर फेब्रुवारीत दोन फुटांवर आणा, तीन-चारच खोडं ठेवा आणि नव्या फांद्या जाळीवर आडव्या बांधा. आडव्या बांधलेल्या फांदीला डोळ्या-डोळ्यातून फुटवा येतो, उभी सोडलेली फांदी वरच्या मजल्यावर जाऊन फुलते. दर दोन-तीन वर्षांनी कुंडीतून काढून बाहेरच्या मुळांचा दोन बोटं थर कापा आणि नव्या मातीत बसवा. मुळं आणि फांद्या एकाच वेळी कापायच्या, एकीकडे तोल जाऊ द्यायचा नाही.

संध्याकाळी पांढरी आणि सकाळी गुलाबी, हा छाटणीचा परिणाम की एका वेलीवर दोन जाती?

दोन्ही नाही. फूल उमलतं तिन्हीसांजेला, पांढरं. दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग लाल. पांढऱ्या फुलाला रात्री लांब सोंडेचे हॉकमॉथ पतंग येतात, त्या लांबट नळीच्या तळाचा मध त्यांनाच पोचतो. रंग चढल्यावर दिवसा मधमाश्या आणि शिंजीर येतात. वाळलेला घोस कापायची घाई करू नका. लाल झालेलं फूलही अजून पाहुण्यांच्या उपयोगाचं असतं. शेवटचं फूल गळलं की मग कापा.

मधुमालती म्हणजेच हनीसकल का?

नाही, पण नर्सरीत दोन्ही नावं एकमेकांना चिकटवली जातात. मधुमालती, म्हणजे रंगूनची वेल, ही कॉम्ब्रेटम इंडिकम. ती अर्जुन, हिरडा, बेहडा यांच्या कुळातली. लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञानं तिला क्विसक्वालिस असं नाव दिलं होतं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘कोण? कसलं?’ असा होतो. कधी झुडूप, कधी वेल आणि रंग रोज वेगळा, तेव्हा नाव शोभतं. हनीसकल म्हणजे लोनिसेरा, तिचं कूळ निराळं. जुन्या काव्यांतली माधवीलता ही तिसरीच, तिला आपल्याकडे हळदवेल म्हणतात.

मुलगी अमेरिकेत आहे. तिच्या अंगणात खरं हनीसकलचं मोठं झुडूप आहे. तिनंही फेब्रुवारीतच कापायचं का?

आधी ते कधी फुलतं ते बघायला सांगा. कडाक्याच्या थंडीच्या शेवटी, जवळजवळ निष्पर्ण फांद्यांवर सुगंधी पांढरी फुलं येत असतील तर ते हिवाळी हनीसकल, लोनिसेरा फ्रॅग्रँटिसिमा. ते गेल्या वर्षीच्या लाकडावर फुलतं, म्हणजे आपल्या मधुमालतीच्या उलट. फुलांआधी कापलं तर बहर गेला. फुलं संपली की लगेच, वसंताच्या सुरुवातीला, जुन्या खोडांपैकी तिसरा हिस्सा जमिनीलगत काढायचा. तिथेही सूत्र तेच, वरून भादरायचं नाही.

पण वसंताच्या उत्तरार्धात फुलणारं, शरद ऋतूत लाल फळांनी लगडणारं आणि बाकीची झाडं निष्पर्ण झाली तरी हिरवं राहणारं उंच झुडूप असेल, तर ते बहुधा अमूर हनीसकल. पूर्व अमेरिकेत ते जंगलात घुसून स्थानिक झाडांना वाढू देत नाही. पक्षी त्याच्या बिया दूरवर नेतात. ते छाटून सांभाळण्यापेक्षा मुळासकट काढून त्या जागी तिथलं स्थानिक झुडूप लावलेलं बरं. कृषी विस्तार केंद्रात फांदी दाखवली तर तिथले लोक ओळखून देतात.

भिंतीला तडे जातायत, वेल काढूनच टाकावी लागणार आहे. पण ती आईनं लावली होती.

मग काढण्याआधी एक पावसाळा मागून घ्या. जूनमध्ये बुडाजवळची पेन्सिलीएवढी लवचिक फांदी वाकवा, एका पेरापाशी साल थोडी खरवडा, तो भाग मातीत चार बोटं पुरून वर दगड ठेवा आणि टोक बाहेर राहू द्या. याला दाब कलम म्हणतात. नुसत्या काडीपेक्षा हे हमखास जगतं. दोन महिन्यांत मुळं धरतात. आपल्याकडच्या वेलींना बी क्वचितच धरतं, त्यामुळे तीच वेल हवी असेल तर हीच वाट. बुडापासून तीन-चार फुटांवर मुळांतून आलेला कोंब असेल तर तो मातीच्या गड्ड्यासकट उचलला तरी चालतो.

एक नाही, तीन करा, आणि त्यातली दोन भावा-बहिणींकडे द्या. ती सप्टेंबरात नव्या पानांवर आली की मग जुनी वेल कापा आणि खोडाभोवती दोन फूट खणून मुख्य मुळं काढा. पुढचं वर्षभर इकडेतिकडे कोंब येत राहतील, ते दिसतील तसे ओढून टाका. नवी रोपं लावताना भिंतीपासून तीन फूट लांब, लोखंडी पाइपाच्या स्वतंत्र मांडवावर चढवा.